डावीकडची मोकळी जागा

सव्वीस वर्षं शहराची बस चालवलेला माणूस एका कागदाला घाबरतो, असं सांगितलं असतं तर डेपोत कुणाचा विश्वास बसला नसता. पण घाबरायचा, हे खरं. दर रविवारी सकाळी पावणेदहाला तो टायपिंग क्लासच्या जिन्याखाली उभा राहायचा, बगलेतली कागदांची सुरळी घट्ट धरायचा आणि आज इथूनच परत फिरावं का, याचा विचार करायचा. वर सातआठ माणसं असायची. त्यातलं एकही चावणारं नव्हतं. तरी याचे तळहात ओले व्हायचे आणि सुरळीच्या कडेला घामाचे डाग पडायचे.

डेपोत त्याला 'बिनओरखडा' म्हणायचे. नवा असताना तो गाडी इतकी जपून काढायचा की मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून कंटाळायचे. तेव्हा कुणीतरी चेष्टेनं हे नाव ठेवलं. पुढे वर्षं गेली, बाकीच्यांच्या गाड्या ठोकल्या, घासल्या, दुरुस्तीला गेल्या, आणि याच्या गाडीवर नखाएवढी खूण नाही. मग चेष्टा गेली आणि नाव तेवढं राहिलं. नवे ड्रायव्हर शिकायला आले की मॅनेजर त्यांना याच्याच शेजारी बसवायचे. तो वरवर 'कसलं काय' म्हणायचा, पण मनातून त्याला या नावाचा केवढा गर्व होता ते फक्त बायकोला ठाऊक होतं. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. ती चार वर्षंही अशीच बिनओरखड्याची जावीत, एवढीच त्याची इच्छा होती.

चित्रकलेचं खूळ लागलं ते सिगारेट सुटल्यामुळे. शेवटच्या थांब्यावर दोन फेऱ्यांच्या मध्ये चाळीस मिनिटं असायची. पूर्वी ती धुरात जायची. आता हातांना काम नव्हतं, म्हणून तो फेरीच्या कागदामागे रेघा मारत बसायला लागला. पंधरा वर्षं त्याच्याच गाडीवर असलेला कंडक्टर एक दिवस वाकून बघत म्हणाला, "मारतोस तर निदान सरळ तरी मार. हा रस्ता आहे की आतडं?"

याच कंडक्टरनं दाढ काढायला गेला असताना डेंटिस्टबाईंच्या भिंतीवर पेन्सिलीची चित्रं बघितली आणि तोंडात कापूस असतानाच चौकशी केली. बाई म्हणाल्या, आम्ही रविवारी काही जण भेटतो, अगदी 'अ आ इ' पासून शिकतो, पाठवा तुमच्या मित्राला. मित्रानं तीन रविवार टाळले. चौथ्या रविवारी बायकोनं सुरळी हातात दिली आणि दार आतून लावून घेतलं.

टायपिंग क्लास रविवारी बंद असायचा. यंत्रांवर कापडी टोप्या घातलेल्या, भिंतीला लागून टेबलं, आणि खिडकीच्या गजापासून समोरच्या खिळ्यापर्यंत ताणलेली कपडे वाळत घालायची दोरी. सगळ्यांचे गुरू होते पेंटरकाका. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. माणसाहून उंच अक्षरं काढलेला माणूस, पण बोलणं अगदी मोजकं.

त्यांचा नियम असा होता. कागदाच्या मागे नाव आणि तारीख घालायची, पुढे काही लिहायचं नाही. सगळे कागद चिमट्यांनी दोरीला लावायचे. मग प्रत्येकानं लाल पेन्सिल घेऊन दुसऱ्यांच्या कागदांवर जे चुकलं आणि जे साधलं तिथे खूण करायची, हवं तर दोन शब्द लिहायचे. त्यात दहा मिनिटं जायची, तोवर चिडीचूप. नंतर ज्याचा कागद त्यानं तो काढून सगळ्या खुणा स्वतः मोठ्यानं वाचायच्या. आणि वाचून झालं की गप्प बसायचं. पेन्सिल बोथट होती, घरी पाहुणे होते, मला असं म्हणायचं होतं, असलं एक अक्षर बोलायचं नाही. "तुमचं चित्र बोलतंय ना? मग तुम्ही कशाला मध्ये?" पेंटरकाका म्हणायचे. नियम चांगलाच होता, मी त्याला नावं ठेवत नाही. पण पुढे जे झालं त्यात या नियमाचाही हात होता, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्या रविवारी आपल्या ड्रायव्हरनं वर्तुळांचा कागद लावला. लाल पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलं होतं, 'बटाटे?' तो कागद काढून त्यानं वाचलं, "बटाटे. प्रश्नचिन्ह." सगळे हसले. त्याला वाटलं, भर रस्त्यात गाडी बंद पडली असती तरी परवडली असती.

तरी तो येत राहिला. रेघ मनगटातून मारायची नाही, खांद्यातून मारायची. आधी हात हवेत दोनदा फिरवून बघायचा, मग टेकवायचा. लंबगोल ओळीनं काढायचे, ठोकळे चारी बाजूंनी फिरवून काढायचे, आडवी रेघ मारून तिचा मध्य नुसत्या नजरेनं शोधायचा आणि मग पट्टीनं तपासायचा. तो शेवटच्या थांब्यावर स्टिअरिंगला पाटी टेकवून रेघा मारायचा, घरी जेवणाच्या टेबलावर मारायचा. बायको म्हणायची, "दिवसभर सरळ रस्त्यानं जाता, घरी येऊन पुन्हा सरळच?" पण रेघा सुधारल्या. मध्य तर त्याचा नेमका यायचा. 'बारा रेघा, बारा मध्य, शाबास' असं एकदा कुणीतरी लिहिलं, तेव्हा तो जिना उतरताना एक पायरी चुकला.

पाच महिने असे गेले. आणि मग मध्य सरकायला लागला.

एका रविवारी त्याच्या रेघांवर खूण आली, 'सगळे मध्य उजवीकडे.' पुढचे काही रविवार पुन्हा तेच. त्यानं पट्टी लावून पाहिलं तर खरंच, प्रत्येक मध्य बोटभर उजवीकडे. घाई झाली असेल, असं म्हणून त्यानं जास्त सराव केला. मध्य आणखी सरकला. मग पेंटरकाकांनी रेघा थांबवल्या आणि वस्तू मांडायला घेतल्या, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

स्टुलावर एक किटली, एक बरणी, एक कांदा आणि मागे उभी पुस्तकं, अशी मांडणी होती. तिथे आखलेलं चित्र ड्रायव्हरनं घरी तीन दिवस खपून पुरं केलं. पुढच्या रविवारी ते दोरीला लावलं. पण कागद काढून बघतो तर डाव्या कडेला लाल रंगात लिहिलेलं, 'मोकळी जागा फार छान सोडली आहे.' खाली दुसऱ्या हातानं, 'हो, धाडसी.' त्यानं ते वाचलं आणि तोंड उघडलं. कसली मोकळी जागा? त्याला तर कागद भरलेला दिसत होता. किटली आहे, बरणी आहे, मग राहिलं काय? पण बोलायचं नाही हा नियम. त्यानं तोंड मिटलं. आणि खरं सांगायचं तर, इतक्या महिन्यांत 'धाडसी' म्हणून पहिल्यांदाच कुणीतरी कौतुक केलं होतं. ते नाकारायला त्याचा जीव होईना.

त्या चित्रात कांदा नव्हता. पुस्तकंही अर्धीच होती. चित्रं काढणारी माणसं असली चूक हमखास करतात. कागदावर काही नसलं, तर ते मुद्दाम सोडलंय असं त्यांना वाटतं. ज्याला नुसतं स्टूल बघायला सांगितलं असतं तो दहा वर्षांचा मुलगाही म्हणाला असता, कांदा कुठे गेला? इथे सगळे रसिक. तीन रविवार त्यांनी त्या रिकाम्या जागेची तारीफ केली.

घरी त्यानं ती खूण बायकोला दाखवली. ती म्हणाली, "ताटातलीही डावीकडची भाजी तशीच टाकून उठता हल्ली. तीही धाडसीच का?" तो हसला. पण रात्रीच्या जेवणाला त्यानं ताट फिरवून पाहिलं, आणि खरंच भाजी निघाली. बारीकशी भीती तेव्हाच आत शिरली. तिला त्यानं नाव दिलं नाही. वय झालं, लक्ष नसतं, एवढंच म्हणाला. त्या आठवड्यात बसचा डावा आरसा एका खांबाला घासला. कंडक्टर खाली उतरून आरसा पुसत म्हणाला, "अरे बिनओरखड्या, काय चाललंय? झोप झाली नाही का?" तो काहीच बोलला नाही. कागदापुढे गप्प बसायची सवय आता बाहेरही लागली होती.

मग तो रविवार आला. पेंटरकाकांनी खोलीच्या टोकाला एक उंच बाटली ठेवली आणि तिच्या बुचावर खडूनं पांढरा ठिपका दिला. समोर एकच खुर्ची. "पाळीपाळीनं बसा. ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. कडेकडेनं काय काय जाणवतंय ते कागदावर जागच्या जागी मांडा. सुबक नको. कुठे काय आहे, तेवढंच."

उजवीकडे खिडकी, कपाट, खिळ्याला टांगलेली छत्री. डावीकडे दार, पाण्याचं पिंप, दोन घडीच्या खुर्च्या. प्रत्येकानं पाच मिनिटं बसून वेडंवाकडं का होईना, सगळं मांडलं. ड्रायव्हरनंही मांडलं. कागद दोरीवर गेले. सगळे लाल पेन्सिली घेऊन फिरायला लागले, आणि एकेक जण त्याच्या कागदापाशी येऊन थांबला. त्याच्या कागदावर कुणी एकही खूण केली नाही. तो लांबून बघत होता. खुणा दिसल्या की घाबरायचा, आज नाहीत म्हणून जास्त घाबरला.

पेंटरकाका त्या कागदासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी स्वतःचाच नियम मोडला.

"ड्रायव्हरसाहेब, दार कुठंय?"

तो गप्प.

"बोला. आज बोलायचं."

"आहे ना दार," तो म्हणाला.

"खोलीत आहे. कागदावर कुठंय?"

तो जवळ गेला. खिडकी होती, कपाट होतं, छत्रीची मूठही होती. बाकी सगळ्यांच्या कागदांवर दार होतं. याच्या कागदाचा अर्धा भाग कोरा करकरीत होता, आणि हे त्याला बोट ठेवून दाखवावं लागलं. कोऱ्या भागावर बोट आलं तेव्हा कुठे तो भाग आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

काकांनी त्याला पुन्हा खुर्चीत बसवलं. "ठिपक्याकडे बघा. मी हात वर केला की सांगा."

तो ठिपक्याकडे बघत राहिला. खोलीत कुणी हलेना. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर वर ढकललं, त्याचा आवाज आला. वेळ गेला. त्याला वाटलं, काका विसरले.

"करा ना वर," तो म्हणाला.

उजव्या बाजूला डेंटिस्टबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात ठेवलेला त्याला दिसला. तेव्हा त्यानं मान वळवली. त्याच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर काकांचा हात होता. बोटं हलत होती. केव्हापासून हलत होती कोण जाणे.

 सव्वीस वर्षांत घाटात ब्रेक तापले होते, धुक्यात समोरून ट्रक आला होता, तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता. तेव्हा निदान दिसत तरी होतं.

"ड्रायव्हरसाहेब, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये चला, मी येते," बाई म्हणाल्या. "हे डोळ्याचं वाटत नाही मला. थांबण्यासारखं नाहीये."

"बायकोला घेऊन जातो ना. घरी जाऊन लगेच जातो," तो म्हणाला.

पेंटरकाकांनी त्याचा दंड धरला. "उद्या गाडी काढू नका."

"छे छे. काढतो कसला," असं म्हणून तो निघाला, आणि निघताना त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला.

तो हॉस्पिटलमध्ये गेला नाही. बायकोलाही काही सांगितलं नाही. न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि आरशात बघितलं. चेहरा ठीक दिसत होता. मग त्यानं डाव्या गालावरून हात फिरवला. सकाळी दाढी केलेली, आणि तिथे खुंट हाताला लागले. तो तसाच बादलीवर बसून राहिला. बाहेरून बायको विचारत होती, "अहो, पोट बिघडलंय का?" आणि तो आतून 'हो' म्हणाला, कारण ते सांगणं सोपं होतं.

आता तुम्ही म्हणाल, असा कसा हा माणूस? मीही तेच म्हणतो. पण भीती दोन होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. कुणाच्या तरी अंगावर गाडी जाईल ही एक. आणि उद्यापासून आपण ड्रायव्हर नाही, बिनओरखडा नाही, कुणीच नाही, ही दुसरी. पहिली भीती जास्त मोठी आहे हे त्यालाही कळत होतं. पण दुसरी घरात होती, त्याच्या शेजारी जेवायला बसत होती. रात्री पडल्या पडल्या त्यानं तोड काढली. डावीकडचं आपोआप दिसत नाही ना? मग मान वळवून मुद्दाम बघायचं. दर वेळी. दोनदा. चित्रातही आधी बघायलाच तर शिकवतात. एक दिवस चालवून बघू, जमलं नाही तर सांगू.

सोमवारी सकाळी त्यानं गाडी काढली. पहिल्या थांब्यावर मान पुरती वळवली, दार बघितलं, आरसा बघितला, पुन्हा दार बघितलं. जमलं. दुसऱ्या थांब्यावर जमलं. तिसऱ्या, चौथ्या. मान दुखायला लागली, शर्ट पाठीला चिकटला, पण जमत होतं. सिग्नलला थांबला असताना डावीकडून एक स्कूटर अचानक उगवली, जणू जमिनीतून वर आली, आणि तिच्यावरचा माणूस याच्याकडे न बघता निघून गेला. ती आधीपासून तिथे असणारच.  पुढचा थांबा आल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं. पुढचा आला, मग त्याच्या पुढचा.

भाजीबाजाराच्या थांब्यावर गर्दी होती. लोक चढले. त्यानं मान वळवली. दारात कुणी नव्हतं. पुन्हा वळवली. कुणी नव्हतं. नेहमी तो कंडक्टरच्या घंटीशिवाय गाडी हलवत नसे. त्या दिवशी त्याचं सगळं लक्ष बघण्यात होतं, आणि बघितलं म्हणजे झालं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. घंटी वाजलेली नव्हती. त्यानं दाराचं बटण दाबलं आणि गाडी सोडली.

"थांब! अरे थांब, थांब!"

कंडक्टरचा असा आवाज त्यानं पंधरा वर्षांत ऐकला नव्हता. त्यानं ब्रेक मारला. आतले सगळे पुढे कोसळले. दारात अडकलेल्या एका म्हातारीला कंडक्टरनं दोन्ही दंडांना धरून आत ओढलं होतं. ती पायरीवर बसली होती, एक पाय अनवाणी. तिची चप्पल चाकाखाली गेली होती. पाय वाचला होता. किती अंतरानं, ते कंडक्टरच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

लोक ओरडायला लागले. डोळे फुटले का रे तुझे? दारू पिऊन चालवतोस का? ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. किल्ली काढली. उठून सीटच्या पाठीला धरून उभा राहिला.

"मला डावीकडचं दिसत नाही," तो म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं, कुणाला नाही. तो पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्यानं. "मला डावीकडचं दिसत नाही. गाडी पुढे जाणार नाही. उतरा सगळे."

आरडाओरडा थांबला.  म्हातारी पायरीवरून त्याच्याकडे बघत होती. तिला राग आलेला दिसत नव्हता. ती चौकशी करावी तशी म्हणाली, "कधीपासून रे बाबा?"

त्यानं किल्ली कंडक्टरच्या हातात दिली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरनंही तेच विचारलं. मेंदूच्या उजव्या अंगाला रक्ताची बारीक गुठळी अडकून गेली होती. डोळे धडधाकट होते, पण डावीकडे लक्षच जायचं नाही, आणि जात नाही हे कळायचंही नाही. असं होतं माणसांना, डॉक्टर म्हणाला, पण कधी झालं ते कळलं तर बरं. बायको रडत होती, ती मधेच उठली, रिक्षानं घरी गेली आणि कागदांची सगळी सुरळी घेऊन आली. प्रत्येक कागदामागे तारीख होती. तिनं आणि कळताच धावत आलेल्या डेंटिस्टबाईंनी मिळून ते हॉस्पिटलच्या कॉटवर ओळीनं मांडले. बारा रेघा, बारा मध्य. त्याच्या पुढच्या रविवारी सगळे मध्य उजवीकडे. बाईंनी तारीख वाचली आणि बोटांवर आठवडे मोजले. अकरा झाले होते. पेंटरकाका दाराशी उभे होते. "तीन रविवार आम्ही शाबासकी दिली," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

त्यानं पुन्हा बस चालवली नाही. थोडं थोडं सुधारलं. डॉक्टरांनी वाचायची एक युक्ती शिकवली. पानाच्या डाव्या कडेला जाड रेघ ओढायची, बोट तिथे ठेवायचं आणि बोट रेघेला टेकल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही. डेपोनं त्याला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. लोक येऊन बसच्या तक्रारी लिहून जातात, ती वही सांभाळायची. रविवारी तो अजून टायपिंग क्लासला जातो. तिथला नियम आता बदलला आहे. खुणा वाचून झाल्या की पेंटरकाका प्रत्येकाला विचारतात, आता तुम्हाला काय दिसतंय ते सांगा.

दोन महिन्यांनी दुपारच्या सुट्टीत कंडक्टर खिडकीपाशी येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग ड्रायव्हर म्हणाला, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"त्या अकरा आठवड्यांत डाव्या बाजूला काही झालं का? मला दिसलं नसेल असं?"

कंडक्टर तिकिटांच्या यंत्राचा पट्टा गुंडाळत राहिला. "आरसा तुला माहितीये. आणि एक सायकलवाला पडता पडता वाचला. बाजारापुढच्या वळणावर. तुला पत्ताच नव्हता. तेव्हापासून मी पुढचं दार सोडलं नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"वय झालं असेल, असं वाटलं. चार वर्षं तर राहिलीत, काढू ढकलून, असं वाटलं. तुझं ते नाव... जाऊ दे."

ड्रायव्हरनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "आणि तू सुट्टीवर होतास तेव्हा? नऊ दिवस? तो बदली कंडक्टर मागेच बसून असायचा."

कंडक्टरनं वर पाहिलं. त्यानं याचा विचार केलेला नव्हता, किंवा केला असेल तर कुणाला सांगितला नव्हता.

ड्रायव्हरनं तक्रारींची वही ओढली आणि ते नऊ दिवस काढले. डाव्या कडेच्या रेघेवर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याच्या गाडीचा नंबर कुठे नव्हता. सायकलवाला नाही, म्हातारी नाही, कुणी नाही. त्यानं वही मिटली, आणि लगेच पुन्हा उघडली. बोट पुन्हा रेघेवर ठेवलं. दुसऱ्या पानावर आल्यावर त्यानं ते बोट उचललं. आपण वाचलं ते सगळं पान होतं का, की उजवीकडचं तेवढंच, हे त्याला कसं कळणार?

त्यानं वही कंडक्टरकडे सरकवली. "तू वाच."

कंडक्टर वहीकडे बघत बसला. वाचायला त्यानं ती हातात घेतली नाही.